चौकीतली पाचवी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि माझ्या बायकोपासून काही लपून राहतं असं कुणी म्हटलं तर केजमधली निम्मी माणसं हसतील. बाहेर चहा किती कप झाला हे ती माझ्या तोंडाकडे बघून सांगते. पण हे तिला ओळखता आलं नाही. चार वर्षं होत आली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं.

माझा केजमध्ये फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारसं, पासपोर्ट साइज, निवडणूक आली की दात दाखवणाऱ्या पुढाऱ्यांचे बॅनर. उन्हाळाभर दम खायला वेळ नसतो. पण दिवाळी सरली आणि गावंच्या गावं ऊसतोडीला निघाली, की बाजारपेठ ओस पडते आणि मी दुकानात बसून माश्या मारतो. त्या रिकाम्या महिन्यांत मला एक नाद लागला होता. जुन्या चौक्यांचे फोटो काढायचा.

चौकी म्हणजे पोलिसांची आजची चौकी नव्हे. निजामाच्या काळात आमच्या डोंगरात, रस्त्यावर नजर ठेवायला बांधलेली दगडी ठाणी. चार कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, भिंतीत बंदुकीची नळी बाहेर निघेल एवढ्याच फटी, मधे आवार, आवारात शिपायांच्या खोल्या. शेवटच्या त्या वर्षा-दोन वर्षांत, रझाकारांच्या धामधुमीत, पकडलेली माणसंही तिथंच कोंडायचे. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि चौक्या जशा होत्या तशा सोडून शिपाई निघून गेले. किल्ला नाही म्हणून पर्यटक येत नाहीत, देऊळ नाही म्हणून भाविक येत नाहीत. शेळ्या जातात. आणि मी जायचो.

का जायचो? बायको म्हणायची, दगडांवर प्रेम जडलंय तुमचं. खरं सांगू — मला दगड बरे वाटायचे. माणसाचा फोटो काढला की माणूस म्हणतो, जरा गोरा कर, पोट कमी कर, मागची ती वायर काढ, आणि तो कोपऱ्यात नाक कोरतोय तो मामा — त्याला उडव. वीस वर्षं मी मामे उडवतोय. भिंत काहीच म्हणत नाही. फटीतून ऊन आत येतं, काळ्या दगडावर पट्टा पडतो, तुम्ही बटण दाबता. माझी ती एकच गोष्ट होती जी मी कुणासाठी साफ करत नव्हतो.

होती, असं म्हटलंय मी.

आता हमीदचाचांबद्दल सांगायला हवं. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. पेन्शनच्या कागदाला फोटो लागायचा म्हणून दर वर्षी माझ्याकडे यायचे, आणि फोटो पाच मिनिटांत झाला तरी तासभर बसायचे. ताठ बसायचे, समोरून स्टीअरिंग आत्ताच काढून नेल्यासारखे. माझ्या भिंतीवर चौक्यांचे फोटो लावलेले, खाली गावांची नावं. एकदा ते बघता बघता म्हणाले, "ह्यात आमची न्हाई."

"तुमची म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. केजपासून जीपनं तासाभरावर, बालाघाटच्या एका माळावर एक चौकी आहे. त्यांचे वडील, बशीर, तिथे जमादार होते. म्हणजे पाच-सहा शिपायांचे मुकादम. चार माणसं तिथे कोंडली होती. वरून हुकूम होता की यांना काही द्यायचं नाही. "अब्बा सांगायचे, मी त्येंना पानी दिलं. घरनं भाकर न्हेली. त्यातल्या येका मास्तरानं कोळशानं भिताडावर माजं नाव लिवलं. लई येळा सांगायचे. मरताना बी त्येच."

पण गावानं ते कधी मानलं नव्हतं. ॲक्शननंतर त्या घराला नाव पडलं — चौकीवाले. चाचा तेव्हा आईच्या पोटात होते. तरी शाळेत पोरं त्यांना चौकीवाल्याचा म्हणून दगड मारायची. वडिलांनी गाव सोडलं, केजला येऊन पिठाच्या गिरणीत हमाली केली, आणि कुणी विचारो न विचारो, पाण्याची गोष्ट सांगत राहिले. आईसुद्धा शेवटी शेवटी ऐकून न ऐकल्यासारखं करायची म्हणे. चाचा स्वतः कधी माळावर गेले नाहीत. आधी भीती होती, मग नोकरी, मग गुडघे.

"तू जातूस ना बेटा डोंगरात? आतल्या खोलीत बग तेवढं. अब्बाचं नाव हाय का न्हाई. बस. दुसरं काई नगं."

म्हणजे मला त्या चौकीवर कुणी पाठवलं, हे लक्षात घ्या. माझ्या हौसेनं मी तिथं गेलो नव्हतो.

त्या वर्षी डिसेंबरात गेलो. खालच्या वस्तीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच उरलेलं, बाकी सगळे कारखान्याच्या फडावर. माळावर घाणेरीची झुडपं माजली होती. तीन खोल्यांचं छत पडलेलं, पण शेवटची खोली शाबूत — दगडी कमानीचं छत, खाली कोरडी ठणठणीत जमीन. मागच्या भिंतीला चुन्याचा गिलावा. वर धुळीचा थर. त्याखाली काहीतरी काळपट दिसत होतं.

आता इथं पहिली चूक. तिला चूक म्हणतोय, कारण ती खरंच चूक होती. जुन्या भिंतीवरचं फिकट लिखाण पाण्यानं ओलं केलं की फोटोत उठून दिसतं, ही मला कुठूनशी कळलेली युक्ती. मी प्यायच्या पाण्याची दोन लिटरची बाटली भिंतीवर रिकामी केली. गळ्यातला गमछा ओला करून भिंत पुसली. अगदी हळू — हळूच पुसली, पण पुसली. आणि अक्षरं वर आली. मोडीसारखं वळण असलेली, पण देवनागरी. एकाखाली एक चार नावं. नारायण. किसन. ग्यानबा. विठ्ठल मास्तर. त्यांच्याखाली, थोडी तिरपी, बारीक अक्षरांत, पाचवी ओळ.

पाचव्या ओळीत बशीर जमादारांचं नाव होतं. त्यांनी पाणी दिलं, भाकर दिली असं लिहिलं होतं. पुढे आणखी तीन शब्द होते. ते मला आत्ता लिहवत नाहीत.

मी त्या खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. खरंच हसलो, आनंदानं. म्हातारा बशीर आयुष्यभर खरं बोलत होता! मला वाटलं आत्ताच्या आत्ता चाचांना फोन करावा, पण माळावर रेंज नव्हती. फोटो काढले. खाली उतरलो. फोन लावला, तर चाचा परळीला, लेकीकडे — रजियाकडे — महिनाभर राहायला गेलेले, फोन बंद. म्हटलं ठीक आहे. मोठा प्रिंट काढू, फ्रेम करू, हातातच देऊ. फोनवर काय सांगायचं असलं?

तेवढ्यात बीडचं प्रदर्शन आलं. मुक्तिसंग्रामावर जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांचं प्रदर्शन. संयोजक एक निवृत्त प्राध्यापक, चांगला माणूस. मी त्यांना फोटो दाखवला, संगणकावर, छोट्या आकारात. ते म्हणाले, वा, काय ताकद आहे! या चार नावांतच सगळा जुलूम आला. मग जवळ वाकले आणि म्हणाले, खाली काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ते सरळ झाले. म्हणाले, हं. हे जरा... आपला विषय वेगळा आहे. बघा तुम्ही, तुमचा फोटो आहे.

बस, एवढंच. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण गेली चार वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्यावर ढकलून पाहिलेलं आहे. ढकललं जात नाही.

मी दुकानात येऊन बसलो. फोटो उघडला. चार नावं, अंधार, फटीतून आलेला उन्हाचा पट्टा — काय फोटो होता! आणि खाली ती तिरकी ओळ. ती वाचली की बघणारा थांबणार, विचारणार, कोण बशीर, कसला जमादार, म्हणजे तिकडचाच ना? हल्ली तर लोक आधी नाव वाचतात आणि मग काय बोलायचं ते ठरवतात. भांडण लागलं असतं का? माहीत नाही. कुणी काही बोललं असतं का? तेही माहीत नाही. मला एवढंच दिसत होतं की ती ओळ नसेल तर फोटो पहिला येईल.

आणि माझा हात — काय सांगू तुम्हाला — हात आपोआप त्या ब्रशवर गेला. तोच ब्रश, ज्यानं मी नवरीच्या गालावरचे फोड काढतो. शेजारचा कोरा गिलावा उचलायचा आणि नको त्या जागी लिंपायचा. सात-आठ मिनिटं लागली. इतकं सफाईदार काम मी क्वचित केलं असेल. मामा उडवला.

कुणाचा राग होता म्हणून केलं का? नाही हो. चाचांशी माझं वाकडं काय असणार! शाल हवी होती, नारळ हवा होता, पेपरात नाव हवं होतं. एवढ्यासाठी. मला माझीच लाज वाटते, ती या एवढ्याशा लोभाची जास्त वाटते.

पहिला क्रमांक आला. शाल मिळाली. ती माझ्या आईनं थंडीत दोन वर्षं पांघरली.

आणि प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी चाचा आले. मी बोलावलं नव्हतं. परळीत पेपरात फोटो बघितला, खाली छापलेलं गावाचं नाव वाचलं, आणि पहिल्या एसटीनं बीडला. पांढरा शुभ्र सदरा, इस्त्री केलेला. हातात पेढ्यांचा पुडा. माझ्यासाठी! मला बघून हात उंचावला, पण आधी फोटोकडे गेले. चष्मा पुसला. बोट उचललं आणि काचेला न लावता एक-एक नाव खाली उतरत गेले. नारायण. किसन. ग्यानबा. विठ्ठल मास्तर. बोट आणखी खाली आलं. तिथे स्वच्छ, गुळगुळीत भिंत.

बोट तिथंच थांबलं. मग ते माझ्याकडे वळले.

"हितं आनखी काई नव्हतं का रं?"

आजूबाजूला माणसं होती. प्राध्यापक होते. मी म्हणालो — आता ही खरी गोष्ट, आत्तापर्यंत मी तिच्याभोवती घिरट्या घालत होतो — मी म्हणालो, "नाही चाचा. एवढंच होतं. मी नीट बघितलं."

नीट बघितलं, हे वरून जोडायची काही गरज होती का? पण मी जोडलं.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग अगदी साधेपणानं, आज एसटी उशिरा आली असं सांगावं तसं म्हणाले, "मंग अब्बा खोटंच बोलत व्हते म्हनायचं."

त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला, पाठीवर थाप मारली, फोटो छान आलाय म्हणाले आणि स्टँडकडे चालत गेले. पंचाहत्तरीतला माणूस. त्याच्या डोक्यात त्याचा बाप आयुष्यभर एक चांगला माणूस होता, आणि मी दोन वाक्यांत त्याला खोटारडा केला.

तुम्ही म्हणाल, अजून वेळ होती. दुसऱ्या दिवशी जायचं, पाया पडायचं, मूळ फोटो दाखवायचा. मीही तेच म्हणत होतो. पुढच्या पावसाळ्यानंतर मी माळावर परत गेलो, म्हटलं निदान भिंत तरी दाखवू त्यांना, जीप करून, खुर्चीत बसवून वर नेऊ. खोलीत गेलो तर मागच्या भिंतीचा गिलावा जमिनीवर पडलेला. ताटाएवढ्या खपल्या, आणि त्यांचा भुगा. बरोबर तेवढाच भाग, जेवढा मी ओला केला होता. वर कमान शाबूत, पावसाचा थेंब आत नाही. सत्तरहून जास्त वर्षं जी अक्षरं टिकली, ती माझ्या प्यायच्या पाण्यानं गेली. खाली वस्तीत एक आजीबाई भेटल्या. म्हणाल्या, "औंदा पान्यानं पडलं जनू." मी म्हणालो, "हो, पाण्यानंच."

आता जगात ती ओळ एकाच जागी उरली होती. माझ्या संगणकात.

चाचांनी नंतर दुकानात येणं सोडलं नाही, हे विशेष. यायचे, बसायचे. वडिलांची गोष्ट मात्र पुन्हा कधी काढली नाही. पूर्वी काढायचे, मी कंटाळायचो. आता ते गप्प बसायचे आणि मला ते ऐकवत नसे — ती शांतता. ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा. मी खायचो. गोड लागायचा, खोटं कशाला बोलू.

मागच्या वर्षी साखरेनं त्यांचे डोळे गेले आणि रजिया त्यांना कायमचं परळीला घेऊन गेली. जानेवारीत तिचा फोन आला. म्हणाली, "भाऊ, अब्बा लई आठवन काढतेत. त्यो चौकीचा फोटो घिऊन या म्हनतेत." मी रात्रभर झोपलो नाही वगैरे काही नाही. झोपलो. पण सकाळी मूळ फोटोचा मोठा प्रिंट काढला, पाचही ओळींचा, गुंडाळला, आणि एसटीत बसलो. सगळ्या वाटेनं वाक्य घोकत होतो. चाचा, मी खोटं बोललो. चाचा, मी खोटं बोललो. सोपं वाक्य आहे. चार शब्दांचं.

रजियाच्या घरात परळीच्या वीजकेंद्राच्या राखेची बारीक धूळ खिडकीच्या गजांवर बसलेली. ती मला खोलीत सोडून चहा ठेवायला गेली. आम्ही दोघंच. चाचा भिंतीला टेकून बसले होते, आता ताठ नव्हते. मी प्रिंट उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन्ही तळवे कागदावरून फिरवले.

"वाच बेटा. बीडला माजी नजर बी बरी नव्हती. घाईगडबडीत काई राह्यलं आसंल. पुन्यांदा वाच."

ऐकलंत तुम्ही? चूक त्यांनी स्वतःच्या नजरेवर घेतली. मला दार उघडून दिलं. मी आत पाऊल टाकायचं तेवढं बाकी होतं. त्यांना ठाऊक होतं का? कधी वाटतं, होतं. कधी वाटतं, नव्हतं, आणि मग जास्त त्रास होतो.

मी वाचलं. "नारायण." ते मान हलवत होते. "किसन. ग्यानबा. विठ्ठल मास्तर."

त्यांचं बोट कागदावर सरकत सरकत खाली आलं होतं. बरोबर पाचव्या ओळीवर. जमादार या शब्दावर. ते आंधळं बोट तिथे टेकवून त्यांनी विचारलं, "आन हितं?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी शंभर वेळा आठवून पाहिलंय. आत्ता सांगितलं तर बीडचं खोटं उघडं पडेल. रजिया चहा घेऊन येईल आणि ऐकेल. हा माणूस माझ्याबद्दल वाईट मत घेऊन मरेल. माझ्याबद्दल! बापाबद्दल वाईट मत घेऊन मरतोय त्याचं काही नाही.

"तिथं कोरी भिंत आहे, चाचा."

त्यांनी बोट उचललं. "बरं," म्हणाले. मग रजियाला हाक मारून माझ्या चहात साखर नीट घाल म्हणाले, लांबून आलाय. मी चहा प्यायलो. प्रिंट गुंडाळला आणि परत घेऊन आलो. तो त्यांच्याकडे ठेवता येईना, कारण रजियाला वाचता येतं.

नवव्या दिवशी चाचा गेले. मातीला गेलो होतो. खांदा दिला.

प्रिंट स्टुडिओत कपाटावर आहे. खालच्या वस्तीच्या सभागृहात माझाच तो चार नावांचा फोटो लावलाय, काच घालून. शाळेची मुलं नेऊन दाखवतात. उद्या रजियाकडे जाणार आहे, असं मी इथं लिहिलं होतं. मग खोडलं. असे उद्या मी पुष्कळ लिहिलेत.

ती पाचवी ओळ मी तोंडानं कधी उच्चारलेली नाही, त्या पहिल्या दिवशी प्राध्यापकांसमोर सोडली तर. पुढचे तीन शब्द तर तेव्हाही वाचले नव्हते. भिंतीवर होती तशी लिहितो, काही साफ न करता.

"बशीर जमादार यांनी पाणी दिले, भाकर दिली. कोणी विचारल्यास सांगावे."

चाचांनी मला दोनदा विचारलं.